आबांची हाडं

बोरीवली, ४ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

परवा आरे कॉलनीच्या रस्त्याने चालत होतो. मागून स्कूटर येऊन धडकली. मी खाली बसलो, उठलो, कपडे झटकले. स्कूटरचं मडगार्ड वाकलं होतं. एक्स-रे काढला, कुठे चीरसुद्धा नाही. डॉक्टरांनी फिल्म दोनदा उजेडात धरली आणि हाडांची घनता मोजायला पाठवलं. आकडा एवढा वर आला की मशीन बिघडलं समजून त्यांनी पुन्हा मोजलं. जनुकात काही बदल असणार, म्हणाले.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी निलेश म्हणतो, काका, ही सुपरपॉवर आहे. त्याने ग्रुपवर टाकलं. आता लिफ्टमध्ये लोक माझ्या नडगीवर टकटक करून बघतात. मी करू देतो.

असं शरीर असताना नुसतं बसणं बरं नाही. तरणतलावावर नाव घातलं आहे. मे महिन्यात ज्येष्ठ नागरिकांची स्पर्धा आहे. तूही हाडं मोजून घे.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझा सुबोध

मुलुंड, ९ फेब्रुवारी

चि. सुबोध यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचलं आणि जिथे तोडायचं तिथे तोडलं.

सात वर्षांचा असताना तू गावी फणसावरून पडलास, तेव्हा खालचं सूप फुटलं. तू रडलास तो सुपासाठी मार बसेल म्हणून. तेव्हा कोणी सुपरपॉवर म्हणालं नाही. आई म्हणाली, धोंडा आहे. आणि शक्ती असती तर दिवाळीत माझा सिलिंडर उचलताना कंबर धरून बसला नसतास. मी काही मोजून घेणार नाही.

पोहायचं मात्र सोड. तू सहा वर्षांचा होतास, तुला आठवत नसेल. मी अकराची होते आणि काठावर उभी होते. गणपती विसर्जनाला आबा खाडीत उतरले ते वर आले नाहीत. गाव म्हणालं, प्यायले होते. शुद्धीतला माणूस असा बुडत नाही. आईनेही तेच धरलं. मरेपर्यंत तिने त्यांचा फोटो लावला नाही. मीही लावलेला नाही. पोरं काठावर असताना पिऊन पाण्यात उतरणाऱ्या बापाला भिंत कशाला?

मला दुसऱ्यांदा काठावर उभी करू नकोस. नाव काढ.
तुझी ताई

बोरीवली, २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नाव मला काढावं लागलं नाही. त्यांनीच काढलं.

शिकवणारे चंद्रप्रकाश सर म्हणाले, माणूस तरंगतोच. छातीत हवा भरा आणि आडवे व्हा. मी हवा भरली, आडवा झालो आणि आडवाच खाली गेलो. तळाला निळ्या फरशा आहेत. छातीत हवा होती, त्यामुळे घाई नव्हती. सरांनी बुटांसकट उडी मारली. दुसऱ्या वेळी फळी दिली. फळी माझ्याबरोबर आली. शेजारी माझ्या दुप्पट पोटाचे एक गृहस्थ पाण्यावर पलंगावर पडल्यासारखे पडले होते. सरांनी मला विचारलं, खिशात काही आहे का. मी चड्डीवर होतो.

निलेशने ग्रुपवरची पोस्ट काढली आहे. लिफ्टमध्ये आता कोणी टकटक करत नाही. याचं मला वाईट वाटतं हे तुलाच सांगतो.

मानसीला विचारून ठेव. ती लॅबमध्ये जनुकांचंच बघते ना? माझी शक्ती पाण्यात कुठे जाते, एवढंच हवं आहे.

बुडालेल्या भावावर लोभ असावा.
सुबोध

मुलुंड, २ मार्च

ती. सुबोधमामास,
सा. न. वि. वि.

आई म्हणाली, त्याला पत्रच लिही, त्याला सध्या पत्राची हौस आहे.

मामा, शक्ती कुठे जात नाही. तीच तुला खाली नेते. एका जनुकात एका अक्षराएवढा बदल होतो आणि हाड बांधण्याचं काम थांबतच नाही. जगात अशी मोजकी घराणी सापडली आहेत. त्यांची हाडं सहसा मोडत नाहीत आणि त्यांच्यातल्या काहींना तरंगता येत नाही. दोन्ही एकाच बदलामुळे. उडणं, भिंतीतून आरपार जाणं असलं काही एका बदलाने मिळत नाही. जे मिळतं त्याच्या पोटातच त्याची अडचण असते. तुझी तपासणी झाल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही, पण लक्षणं तीच आहेत.

हे मी आईला पोळ्या करताना सांगितलं. तिने एकच विचारलं, हे आईकडून येतं की बापाकडून? मी म्हटलं, दोघांपैकी एकाकडून. आजीचं मनगट दोनदा मोडलं होतं, शेवटी खुबाही. म्हणजे आजोबांकडून असणार.

आईने गॅस बंद केला. पोळी तव्यावर तशीच राहिली. तिला काय झालं, तुला माहीत असेल तर मला कळव.

तुझी लाडकी (असं आईसमोर म्हणत नाही),
मानसी

मुलुंड, १० मार्च

चि. सुबोध यास,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी गणपतीचा पाट चौघांच्या खांद्यावर होता. आबांच्या शेजारी धाकूकाका होता. तो झिंगलेला होता, हे मी पाहिलं होतं, कारण वाटेत तो मला गौरी समजून हात जोडत होता. खोल पाण्यात दोघांचे पाय सुटले तसा तो बाटलीच्या बुचासारखा वर आला. आबा आले नाहीत. आबांनी घरातून निघताना माझी वेणी घातली होती. तिन्ही पेड सारखे होते. प्यायलेल्या माणसाला तसे जमत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. गावासमोर अकरा वर्षांच्या मुलीने वेणीचं काय सांगायचं? पुढे मीच ते विसरून टाकलं.

मानसी म्हणते, आई, खात्री देता येणार नाही. मी तिला म्हटलं, दारूचीही कोणी खात्री दिली नव्हती.

फोटो ट्रंकेच्या तळाशी होता. कान तुझ्यासारखे आहेत. बाहेरच्या खोलीत लावला. खिळा जाड घेतला.

रविवारी ये. पोहायचं असेल तर बादली देते.
तुझी ताई

ता. क. फोटो लावताना स्टुलावरून पडले. मला काही झालेलं नाही. स्टूल मोडलं.