दातांनी सरकी पारखणारी मावशी

तीर्थरूप सखूमावशी,

तू गेलीस त्याला चार महिने झाले. आज नामदेवकाका पहिल्या वेचणीची बोंडं घेऊन दारात आले, आणि तुला लिहिल्यावाचून राहवेना.

गेल्या हंगामात अकोल्याच्या अडत्याचा कारकून म्हणून केवढ्या तोऱ्यात गावात आलो होतो मी! कापसाला असा भाव कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. "सगळा कापूस सरकीसकट विका, पेरायला बाजारात मिळेल," असं मीच घरोघर सांगितलं. नामदेवकाकांनी तर सगळ्यांत आधी ऐकलं.

तू मात्र निवडक बोंडांची पोती हलवू दिली नाहीस. मी चिडलो, "मावशी, भाव पडल्यावर विकशील का?"

"मंग पुढच्या साली का पेरू? तुही पगडी?"

किती राग आला होता! काम म्हणजे माझं. तुझं ते बोंडं निवडणं नुसतं मन रमवणं, असंच वाटायचं मला.

पेरणी झाली आणि बाजारची सरकी उगवलीच नाही. ढिगात तापून मेली होती. सारं गाव बियाणं मागायला तुझ्या अंगणात आलं. मी तोंड लपवून कोपऱ्यात. मावशी, चारचौघांत चार शिव्या तरी द्यायच्यास! तू म्हणालीस, "ऊठ, शेन कालव."

पेरताना सुटी पडावी म्हणून मी तुझ्या पोत्यांतल्या सरकीला शेणमाती चोळत होतो. तू प्रत्येक मुठीतली एक सरकी दाताखाली धरायचीस. "हे जित्ती हाये. हे मूठ फेक." न सोलता! कसं गं कळायचं तुला?

आठवड्याने बांधावर उभा राहिलो. प्रत्येकाच्या रानात थोडे का होईना, कोंब वर आले होते. इतकी वर्षं लेखणी चालवली, तिच्यातून कुणाच्या शेतात एक पान तरी उगवलं का?

पंधरवड्यात तू गेलीस. शिकवायचं राहूनच गेलं. एवढी काय घाई होती?

अकोल्याच्या शेठजींनी अमरावतीच्या नव्या दुकानावर मोठी जागा देऊ केलीय. जावं का, हे मी ठरवत होतो, तेवढ्यात नामदेवकाकांनी टोपली पुढे ठेवली. "तुह्या बोलन्यावर म्या समदं इकलं व्हतं. आता बियाची बोंडं तूच निवड."

दहा सरक्या दाताखाली धरून पारखल्या, मग फोडून पाहिल्या. तिनांचा अंदाज चुकला.

अमरावतीला जात नाही, मावशी. पुढच्या पेरणीला या दारातून कुणी रिकामं परतणार नाही, हा माझा शब्द. काका ओट्यावर बसून आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

तुझा,
विठू