पुढच्या दारावरचं बिऱ्हाड

वौपाका, विस्कॉन्सिन
१० मार्च १९९४

चि. ऑर्व्हल यास,
अनेक आशीर्वाद. कंबर बरी आहे ना? इथे अजून गुडघाभर बर्फ आहे आणि तू फ्लोरिडात अर्ध्या चड्डीत संत्री सोलत बसला असशील, म्हणून आशीर्वाद जरा हात आखडूनच.

घर विकायचं ठरलं. लॉइड गेल्यापासून मी एकटी, बर्फ कोण उपसणार, त्यापेक्षा मिलवॉकीत आपल्याजवळ राहायला ये, असं आमच्या पोराचं, क्रेगचं, म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, तुला योग्य वाटेल तसं कर. मे महिन्यात गिऱ्हाइकं घर बघायला येतील.

जाण्याआधी एकच हौस उरली आहे. चाळीस वर्षांत आमच्या अंगणात रॉबिनने एकदाही घरटं केलं नाही. शेजारची डॉरिस दर वसंतात कुंपणावरून सांगते, पहिला रॉबिन आमच्याकडेच आला हो! यंदा मी सूर्यफुलाच्या बियांचं पोतं आणलं, गोल भोकाचं लाकडी घरकुल खांबावर लावलं. येतात कोण, तर खारी आणि चिमण्या! मेल्या खारींनी निम्मं पोतं फस्त केलं. तू पक्ष्यांतला शहाणा, काहीतरी सांग.

तुझी वाट बघणारी ताई,
आर्डिस

सेब्रिंग, फ्लोरिडा
१९ मार्च १९९४

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि. अगं, रॉबिनला सूर्यफुलाच्या बिया म्हणजे बोळक्या तोंडाला अक्रोड! त्याला गांडुळं हवीत, फळं हवीत. सफरचंदाच्या फोडी आणि भिजवलेले बेदाणे जमिनीवर ठेव. लॉइडभावजी गवतावर तणाचं औषध मारायचे, म्हणून तर तो तुमच्याकडे फिरकत नव्हता. ते बंद कर. पसरट ताटलीत पाणी ठेव आणि एका कोपऱ्यात चिखल कर, घरटं लिंपायला त्याला तो लागतो. भोकाच्या घरकुलात तो जन्मात शिरणार नाही. वर आडोसा, खाली फळी आणि समोर मोकळं, अशी जागा त्याला आवडते.

इथले रॉबिन माझ्या कुंपणावरची आंबलेली फळं खाऊन झिंगायचे. परवा सगळे तुमच्याकडे निघाले. तुझा पत्ता दिलाय, पण त्या अवस्थेत कितपत लक्षात राहील, कोण जाणे.

आणि ताई, दारावरचं नाताळचं गोल तोरण उतरवलंस का? गेल्या ईस्टरलाही लटकत होतं. लोक काय म्हणतील!

लोभ आहेच, तो फोनच्या बिलाएवढा वाढू दे.
तुझा धाकटा,
ऑर्व्हल

वौपाका
२६ एप्रिल १९९४

चि. ऑर्व्हल यास,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात सैल सोडून. आले रे, आले! पण तुझ्या सांगण्यावरून परसात ठोकलेल्या फळीकडे ढुंकूनही बघितलं नाही. घरटं केलंय पुढच्या दारावर, त्या नाताळच्या तोरणात! आत तीन निळी अंडी आहेत. डॉरिस दोनदा येऊन बघून गेली आणि एकदाही बोलली नाही. चाळीस वर्षांचं पारणं फिटलं.

आता पुढचं दार बंद. पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे मागून, धुण्याच्या खोलीतून येतात. घरांच्या दलाल मिसेस पॅकार्ड फार वैतागल्या आहेत. गिऱ्हाईक मळक्या मोज्यांच्या ढिगातून घरात कसं आणायचं, असं विचारत होत्या. मी काय करणार? अंड्यांच्या घरट्याला हात लावणं कायद्यात बसत नाही. बघायचा दिवस पुढे ढकलला. बिचाऱ्या!

तुझी कायदेशीर ताई,
आर्डिस

सेब्रिंग
५ मे १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. काल क्रेगचा फोन होता. भाबडं पोर विचारत होतं, मामा, आईचं तोरण दाराला चार खिळ्यांनी ठोकलंय आणि मागे केक भाजायची पत्र्याची ताटली तारेने बांधली आहे, ती कशाला असते? शिवाय पायरीवर चिखलाचं घमेलं आहे म्हणे.

ताई, रॉबिन हुशार असतो, पण तारेला पीळ घालण्याइतका नाही गं!

तुला जायचंच नाहीये. मग त्या पाखराच्या आड का लपतेस? पिल्लं पंधरा दिवसांत उडतील. फार तर आणखी एक वीण होईल, जुलैपर्यंत निभेल. मग काय, थंडीत दारात पेंग्विन बसवणार आहेस? अगदी आईवर गेलीस. पाय मोडला तरी ती म्हणायची, बरं आहे, तुमचं चालू द्या. पोराला स्पष्ट सांग. मला भीती वाटते, तू गप्प राहशील आणि एक दिवस मिलवॉकीच्या सहाव्या मजल्यावरून मला पत्र येईल.

रागावलीस तरी लोभ असू दे,
ऑर्व्हल

वौपाका
२४ मे १९९४

चि. ऑर्व्हल यास,
अनेक आशीर्वाद. तीन दिवस तुझ्यावर रागावले होते, नंतर विसरले.

शुक्रवारी पिल्लं उडाली. तिसरं पडून राहील असं वाटत होतं, पण गेलं. शनिवारी क्रेग पाना-पक्कड घेऊन तोरण काढायला आला. त्याला धुण्याच्या खोलीतच गाठलं आणि एका दमात सांगितलं, मला हे घर सोडायचं नाही. बोलण्याच्या भरात टोपलीतले सगळे मोजे खाली पाडले.

तो धुण्याच्या यंत्राला टेकून हसत सुटला आणि मग बाहीने डोळे पुसायला लागला. म्हणाला, आई, नोव्हेंबरात सणाच्या टर्कीच्या जेवणाला, घर विकायचं का, असं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा म्हणालीस, तुला योग्य वाटेल तसं कर. त्याला वाटलं, आई एकटेपणाला कंटाळली आहे आणि सांगायला लाजते आहे. घर विकायचं त्याच्याही जिवावर आलं होतं रे, पण मला वाईट वाटेल म्हणून तोही बोलला नाही! आमच्याकडे होकारही त्याच शब्दांत आणि नकारही त्याच शब्दांत. पोराने ओळखायचं तरी कसं?

मग तो पुढच्या दाराने बाहेर गेला आणि विक्रीची पाटी दोन्ही हातांनी हलवून हलवून उपटली. चांगले बूट चिखलात गेले. पाटी गाडीत ठेवायला तो वळला, तेवढ्यात रॉबिन येऊन त्या ताज्या खड्ड्यातून गांडूळ ओढायला लागला.

जुलैत ये. पुढच्या दाराने ये.
इथलीच,
ताई