बोलू न शकणाऱ्यांचा वार्ड

सिस्टर, तुम्हाला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी उद्याचा निर्णय तुम्हालाच विचारावासा वाटतो. नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सला माझी निवड झाली आहे. तो घेतला तर मोठ्यांच्या अतिदक्षता विभागात जायचं. नाहीतर नवजात बाळांच्या शुश्रूषेचा डिप्लोमा करून भंडाऱ्यातच, तुमच्या लेकरांच्या वार्डात राहायचं. कुठे होकार द्यायचा ते उद्या कळवायचं आहे.

बारावीत नापास होऊन उशिरा नर्सिंगला आलेला मी. लेकराच्या वजनावरून औषधाचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय सिरिंज भरत नसे. सोबतचा ब्रदर सगळ्यांसमोर हसला, "काहून बे, सोनं तोलून राहिला काय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तोलू दे त्याले. तुह्या लेकराले सलाइन लावाची वेळ आली का यालेच बोलावशीन." त्या शाबासकीवर मी अजून जगतो आहे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांतली एक दुपार. लाखांदूरकडून एक बाई एसटीने आली आहे. पायांना शेतातल्या बांधीचा चिखल, कडेवर धापा टाकणारं लेकरू. मी स्टेथोस्कोप घेऊन धावतो आणि तुम्ही माझं मनगट धरता. "थांब ना बाबू. आधी पाह्य, मंग हात लाव. रडलं का श्वास मोजता येत नाही." तिला म्हणता, "बसा माय, तुमीच धरा त्याले." आणि लांबूनच त्याचं पोट, नाकपुड्या, कपाळावरची आठी बघत राहता. मग ऑक्सिजन लावता. संध्याकाळी ते अंगावर पिऊ लागलं.

गेल्या महिन्यात मला मोठ्यांच्या आयसीयूत ड्युटी लागली. व्हेंटिलेटरवर एक आजोबा होते. मॉनिटर सगळं ठीक दाखवत होता, पण सवयीने मी आधी चेहरा पाहिला. कपाळावर आठी. चादर उचलली, तर लघवीची नळी मांडीखाली दबली होती. सोडवली आणि थोड्या वेळाने आठी मावळली. तिथल्या इन्चार्ज म्हणाल्या, "हे कुठी शिकले, ब्रदर?" मी म्हणालो, "लेकरायच्या वार्डात." तेव्हाच वाटलं, ज्याला बोलता येत नाही तो कितीही म्हातारा असो, तुमचाच पेशंट. उद्या मी अतिदक्षतेला होकार देणार आहे.

लोकांना मी एवढंच कारण सांगितलं. हे पत्र कुणाच्या हाती जाणार नाही, म्हणून उरलेलं तुम्हाला सांगतो. लेकरू गेलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मोठ्यांच्या वार्डात उतरेल, अशी आशा आहे. तुम्ही इतकी वर्षं घरी जाऊन कशा जेवत होतात, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.