धरून ठेवलेलं रोप

प्रिय अश्विन,

प्रभूच्या नावानं सलाम. फोनवर तू चिडतोस, मग मी रडतो, आणि बोलायचं ते तसंच राहून जातं. शेजारची सेजल उद्याच्या एसटीनं मुंबईला निघालीय, तिच्याजवळ ही चिठ्ठी देतोय. दम खाऊन वाच.

तुझ्या आईला महाडच्या दवाखान्यातून घरी, कापड्याला आणलंय. तुला न विचारता आणलं. पोटातलं दुखणं आता यकृतात उतरलंय. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेलंत तर नळ्या लावून थोडे दिवस निघतील, पण बरं व्हायचं नाव नको. तू म्हणालास, न्याच. आपल्या चर्चच्या मंडळीतले भिकाजीकाका म्हणाले, तुमचा विश्वास कमी पडतोय, उपास धरा. मी उपासही धरला. दोन्हीकडून ओढ, आणि मी आपला खुंट्याला बांधलेल्या म्हाताऱ्या बैलागत जागच्या जागी फिरतोय. शेवटी तिलाच विचारलं. म्हणाली, "मला आपल्या पडवीत न्या. खाचर दिसतं तितनं."

पोरा, "देवा, तुझ्या मनासारखं होऊ दे" असं मी जन्मभर म्हणत आलो. तुझ्या लग्नात म्हटलं, भात बुडालं तेव्हा म्हटलं, लोकांच्या मातीला गेलो तिथंही म्हटलं. लोकांच्या मातीत ते सोपं जातं रे. आता 'तुझ्या मनासारखं' इथवर येतो आणि पुढं जीभच वळते, 'पण माझी चंपा तेवढी राहू दे.' कासरा देवाच्या हाती द्यायचा आणि टोक आपल्या मुठीत ठेवायचं, असली माझी भक्ती. क्रुसाच्या आदल्या रात्री प्रभूलाही त्या बागेत प्रार्थना करताना घाम फुटला होता, तिथं माझी काय कथा, अशी मनाची समजूत घालतो. चहा निवेपर्यंतही ती टिकत नाही.

भाताची लावणी खोळंबली होती. सगळा गाव आपापल्या खाचरात, म्हणून काल मी एकटाच उतरलो. ती पडवीत उशीला टेकून बघत होती. लावणीत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, तुला ठाऊक आहे. मी रोप खोचायचो आणि हात काढला की रोप बोटांबरोबर वर. मान वर करून बघतो तर अर्धी ओळ पाण्यावर तरंगतेय. ती हसली. हसताना पोट दाबून धरलं आणि म्हणाली, "अवो, बोटं सोडा की. धरून ठेवलंत तर रुजंल कसं?"

भाताचंच बोलत होती ती. मी मात्र चिखलात तसाच उभा राहिलो.

संध्याकाळी दोघं प्रार्थनेला बसलो. माझं वाक्य नेहमीच्या जागी अडलं. ते तिनं पुरं केलं, सावकाश, कुणाकडं पाणी मागावं तसं. घर देवावर सोडलं, शेत सोडलं, मलाही सोडलं. मग तुझं नाव आलं आणि तिचंच वाक्य अडलं. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा तिथंच. म्हणाली, "त्याचा राग हाय देवावर. तो दिसल्याबिगर माजी बोटं सुटत नायत."

म्हणून लिहितोय. तिला न्यायला येऊ नकोस, गाडी ठरवू नकोस. नुसता ये. तिचं दुखणं कळलं तसं तू उपासनेला यायचं सोडलंस, त्यावर मी अवाक्षर काढणार नाही. प्रार्थना म्हणू नकोस, डोळेही मिटू नकोस. तिच्या उशाशी बस आणि हात हातात घे. ती सोडील. मला सोडता येईल का, ते मात्र माझं मलाच ठाऊक नाही. तेव्हा तिच्याजवळून उठलास की माझ्याजवळही बस थोडा.

अर्धी ओळ तशीच राहिलीय. तू आलास की लावू.

तुझाच,
बाबा