एकच गळ, तांबड्या पिसाचा

आप्पा, रविवारी जावयांना तुमचा गळ बांधून दाखवला. गाठ बघून तुम्ही नाक मुरडलं असतं, पण ती सुटली नाही, एवढं आधी सांगते.

जावई उद्यमबागेत कारखान्यात आहेत, सुट्टीला मासे धरतात. त्यांच्या डब्यात प्लास्टिकचे बेडूक, चकचकीत मासोळ्या, रबरी किडे. "पाणी बघून बदलायचं असतं, आई," म्हणाले. मी म्हटलं, "बदलत बसा. तिकडं तुमच्या बायकोनं मसाला वाटायला घेतलाय." आपल्या घरची रीत अजून तीच आहे. काठी घेऊन माणूस बाहेर पडला की खोबरं-लसूण वाटायला सुरुवात. आता पाट्याच्या जागी मिक्सर आला, पण मासा येईपर्यंत थांबायचं नाही. त्यानं गळ टाकणाऱ्याला धाक राहतो, असं आई म्हणायची.

तुमचा गळ म्हटलं की ती जुनी संध्याकाळ समोर येते: तुम्ही शाळेतल्या नोकरीवरून आलात, पडवीत बसलात, समोर कोंबड्याची पिसं मांडलीत. मी कॉलेजात आहे आणि मला पांढरं पीस आवडलंय. "दिसायला बरं हाय गं," तुम्ही म्हणता, "पण गढूळ पाण्यात दिसंल आणि निवळात मासा बुजणार न्हाय, असं एकच पायजे." मग मानेचं तांबडं, लांब, मऊ पीस उचलता आणि काळ्या दोऱ्यानं गळाला गच्च बांधता. ओढलं तर मासोळी वाटावी, सोडलं तर किडा. "दुसरा जवळ असला की हात सारखा डब्यात जातोय. आपण हौसेला न्हाय, खायला धरतोय."

म्हणून खानापूरच्या पुढे, मलप्रभेच्या काठावर, मी जावयांचा डबा गाडीतच ठेवायला लावला. दुपार कलली तरी काही लागेना. मुलीचा फोन आला, "आई, काय लागलं का न्हाय? का नुसता मसालाच खायाचा?" जावई गाडीकडे बघायला लागले. "तिकडं काय बघताय? पाण्यात बघा," मी म्हटलं. आणि खडकाच्या आडोशाला, संथ पाण्यात, दोरी ओढायची थांबवून पीस नुसतं बुडू दिलं. काठी वाकली. चांगली हातभर मरळ. मग त्याच गळावर जावयांनी दुसरी काढली आणि गळ मागायला लागले. "बांधायला शिका," म्हटलं.

कालवणात खोबरं जास्त झालं होतं. कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलले. भांडं मात्र पुसून निघालं.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. रविवारी नदीवर निघायच्या आधी मी डझनभर अंडी आणून फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या मागे ठेवली होती. तुम्ही रिकाम्या हातानं आलात की आई कशी काय लगेच अंड्याचं कालवण वाढायची, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. मलाही ते तेव्हाच, फ्रीजचं दार लावताना, कळलं.