लाटव्हियाच्या बाईनं धरायला दिलेला सूर

आई, गेल्या रविवारी मला लाटव्हियाची गाणी ऐकायला नेलं. कुठे आलं ते विचारू नकोस. नातीनं नकाशात दाखवलं, रशियाला लागून, थंडीचा देश. मी म्हटलं, मला काय करायचंय? पण तुझे जावई गेल्यापासून मी रडले नाही, म्हणून मुलगा-सून मला इथं परदेशात सारखं कुठेतरी बाहेर काढतात. मध्ये याच शहरात, यिशुन भागात, कुणाकडे भजनाला नेलं. आता रडू फुटलं नाही तर मनाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंय. मला काही होत नाही गं. काहीच होत नाही, तेच. चहा करते, कपडे बांबूवर घालून खिडकीबाहेर काढते.

इथल्या सेरंगून भागातल्या लायब्ररीत एसीत कुडकुडत बसलो. समोर माझ्याच वयाची बाई, मांडीवर पाटासारखं लाकूड, त्याला तारा. कोकले म्हणतात. ती इंग्रजीत सांगायची, नात मला मराठीत. त्यांची गाणी चार-चार ओळींची, बरीचशी बायकांची. दळताना, गुरं राखताना, लेक सासरी जाताना. लग्नात दोन्हीकडच्या बायका गाण्यातूनच एकमेकींची उणीदुणी काढतात. मी म्हटलं, यात शिकवायचं काय, आमच्या विहिणी हेच करायच्या. नात इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, लिसन लाह." ऐक तरी. मग बाईनं तिकडच्या हल्लीच्या पोरांचं गाणं लावलं. गाणी तीच, जोडीला ढोल, गिटार, कॉम्प्युटरचा धडधडाट. नात मान हलवायला लागली. मला ते भाकरीला सॉस लावल्यासारखं वाटलं. पण गाणं मोडलं नव्हतं, आत तसंच होतं.

शेवटी बाईनं आम्हालाही गायला लावलं. त्यांच्यात एकजण शब्द म्हणते, दुसरी तेच पुन्हा म्हणते, बाकीच्या नुसता 'ए' असा एक सूर लांबवतात. शब्द येत नाहीत त्यांनी सूर धरायचा. मी धरला.

आणि तू दिसतेस. माझ्या वडलांचं, अण्णांचं, तेरावं झालंय, दुसऱ्या दिवशी पहाटे तू जात्यावर बसली आहेस. समोर आत्या, खुंट्यावर दोघींचे हात. आत्या ओवी म्हणते, तू नुसती हूं हूं करतेस. डोळे कोरडे. शेजारीण दारातून म्हणाली, बाई आहे की दगड. तू जातं थांबवलं नाहीस. म्हणालीस, "पीठ संपलंय."

लायब्ररीत सगळे थांबले तरी माझा सूर चालूच. ती बाई तारा छेडत राहिली, माझा दम संपेपर्यंत. नातीनं पदर ओढला. रडू नाहीच आलं. येताना एमआरटीच्या गाडीत मुलानं हळूच विचारलं, बरं वाटलं का. मी म्हटलं, "डॉक्टर नको. तुझी आजीपण अशीच होती." सून म्हणाली, राहू दे मग.

तू गेलीस तिथे हे पत्र टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे. एक घरच्यांना सांगितलेलं नाही. दुपारी सगळे बाहेर गेले की ओट्याशी उभी राहून मी तो सूर धरते. लिफ्टचं दार वाजलं की गप्प होते.