बकरी गुदगुल्या करत नाही

कोल्हार बुद्रुक,
१२ सप्टेंबर २०२५

चि. आराधनास,

आईचा जीव भरून आशीर्वाद. प्रभू तुला तिकडे मस्कतला सुखरूप ठेवो.

आम्ही सगळे बरे आहोत. बरे म्हणजे तुझ्या बाबांचे गुडघे जसे असतात तसे. भंडारदऱ्याचं पाणी सोडलंय, प्रवरा भरून चाललीय. शेजारचा पॉल परवा मस्कतला परत निघालाय, त्याच्याजवळ शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि हे पत्र देतेय. तू म्हणशील, दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, मग आईला पत्राचं काय सुचलं? सुचलं खरं. फोनवर तू वॉर्डातून दमून आलेली असतेस, आणि तुझी लेक प्रार्थना माझ्या मांडीवर बसून माझं तोंड निरखत असते. तिच्यादेखत सांगवत नाही.

तू जाताना माझ्या फोनमध्ये टाकून दिलेलं ते गोष्टींचं ॲप प्रार्थनानं पार पाठ केलंय. त्यातली बाई गोष्ट वाचते, वाचेल तो शब्द पिवळा होतो, आणि चित्रातल्या बकरीला बोट लावलं की ती उडी मारून ओरडते. पोरगी आवाज अगदी वर नेते आणि फोनच्या पाठीला तळहात लावून बसते. बाबा वैतागतात. "लई लाड करून ठिवलेत तुमी. समदी आळी गोळा हुईल," म्हणतात.

मीही रागवायचे. हाक मारली तर वळायची नाही. पाच वर्षांची होत आली तरी साखरेला 'ताखल' म्हणते. मला वाटलं, मोबाईलचं वेड, दुसरं काय. आणि तू विचारायचीस, आई, ती माझ्याशी बोलत का नाही? मी म्हणायचे, रुसलीय, सोडून गेलीस ना तिला. तू रडायचीस, आणि मी आणखी चार शब्द ऐकवायचे.

तर झालं असं. गेल्या महिन्यात आपल्याकडे घरगुती प्रार्थनासभा होती. पाळकसाहेब सगळ्यांचे फोन आवाज बंद करून टोपलीत ठेवायला लावतात, तुला माहीतच आहे. मी ती बाजूची कळ दाबून दाबून आवाज तळाला नेला आणि नंतर विसरून गेले. दुसऱ्या दिवशी प्रार्थना ॲप उघडून बसली. बकरीला बोट लावून हसली, पान सरकवलं, पिवळ्या शब्दांबरोबर डोळे फिरवले, नेहमीसारखंच. घरात चिडीचूप. मी भाकरी थापत होते. चला, आज डोक्याला ताप नाही, असं मनात म्हणाले.

मग ती उठून माझ्याकडे आली. माझा पिठाचा हात ओढून फोनच्या पाठीला लावला आणि म्हणाली, "आजी, बकली गुदगुल्या कलत नाही."

मी म्हटलं, चार्जिंग संपलं असेल. सहज कळ वर दाबली. बाई बोलायला लागली, फोन माझ्या हातात थरथरला, आणि पोरगी हसली. इतके दिवस ती त्या थरथरीसाठीच आवाज वाढवत होती. आराधना, मी तिच्या पाठीमागे जाऊन ताट आपटलं. ती बकरीच बघत राहिली.

जावईबापू आमोसरावांनी कारखान्यातून सुट्टी काढली, आम्ही तिला नगरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येतं. मागच्या वर्षीच्या त्या मोठ्या तापात गेलं असावं, म्हणाल्या. आधी मशीन लावून बघायचं, नाही भागलं तर ऑपरेशन. उशीर केला तर आहे ते बोलणंही जाईल. मी विचारलं, मशीननं नक्की येईल ना? "बघू," म्हणाल्या. "उगा वरडलो गं पोरीला," एवढंच बाबा परवा म्हणाले.

आमोसराव तुला त्याच दिवशी कळवायला निघाले होते. मीच अडवलं, म्हटलं, मी सांगते. आणि मग दोन रविवार गेले, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तू नर्स, तुला अर्ध्या वाक्यात सगळं कळलं असतं, त्याचीच धास्ती वाटली.

ती तुझ्यावर रुसलेली नाही गं. तुझं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं, आणि मी मात्र तुलाच बोल लावत बसले.

सुट्टी मिळाली तर ये, नाही मिळाली तर भांडून ये. तोवर रविवारी कॉल करशील तेव्हा उजेड तोंडावर पडेल अशी बस. फोन जवळ धर, सावकाश बोल, मध्येच तोंडावर हात घेऊ नकोस. ती ओठ बघून ओळखते, हे आता आम्हाला समजलंय. आणि बाळा, तिच्यासमोर रडू नकोस. रडताना तुझे ओठ वाकडे होतात, मग तिला काही कळत नाही.

तुझी वाट बघणारी,
आई